अमेरिकेतली इंटर्नशिप आणि इस्टेट एजंटचं लायसन्स: मुंबईतून निघण्याआधी काय तपासायचं

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीतली एक मुलगी ऑफिसात आली. बीएमएसचं शेवटचं वर्ष नुकतंच संपलेलं. छत्री दाराशी ठेवली आणि मोबाईल माझ्यापुढे सरकवला. फ्लोरिडातल्या एका छोट्या ब्रोकरेजचं पत्र होतं: 'सेल्स इंटर्न. ग्राहकांना घरं दाखवणे, ओपन हाऊस (विक्रीचं घर ठरलेल्या वेळी सगळ्यांना बघायला खुलं ठेवणं) सांभाळणे, बोलणी करणे. मोबदला कमिशनवर. लायसन्स काढून देण्यास मदत. पुढे वर्क व्हिसाची संधी.'

"काका, तुम्ही याच धंद्यातले. हे खरं असतं का?"

मी पार्ल्यात पूर्वेला बावीस वर्षं इस्टेट एजन्सी चालवतोय. अमेरिकेशी माझा संबंध भाच्यापुरता. तो तिकडे ट्रेनी म्हणून दीड वर्ष राहून आला. तेव्हा तिला म्हटलं, दोन आठवडे दे, बघून सांगतो. दोनाचे पाच झाले. नियम वाचले, भाच्याची जुनी फाईल काढली, आणि ध्यानात आलं की त्या पत्रातली बहुतेक वाक्यं एकमेकांशी भांडतात. त्यानंतर असंच पत्र घेऊन आणखी तिघं येऊन गेली. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो.

पहिली पायरी: दोन खिडक्या वेगळ्या ओळखा

अमेरिकेत इस्टेट एजंटचं लायसन्स देतं राज्य. काम करून पैसे कमवायची परवानगी देतं केंद्र. या दोन खिडक्या एकमेकींना काही विचारत नाहीत, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

फ्लोरिडाच्या खिडकीवर नागरिकत्व विचारत नाहीत. वय १८, बारावीइतकं शिक्षण, सोशल सिक्युरिटी नंबर, ६३ तासांचा कोर्स, बोटांचे ठसे आणि १०० प्रश्नांची परीक्षा, पास व्हायला ७५ गुण. कॅलिफोर्नियात सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर करदात्याचा वैयक्तिक क्रमांकही चालतो. म्हणजे परदेशी माणसाला लायसन्स मिळू शकतं, ही गोष्ट खरीच आहे. पत्र लिहिणारा तेवढ्यापुरता खोटं बोलत नाही.

पण आपल्याकडे साधं ड्रायव्हिंग लायसन्स खिशात आहे म्हणून कोणी काळी-पिवळी रस्त्यावर काढत नाही. त्याला बॅज लागतो, परमिट लागतं. तिकडेही तसंच. व्हिसात ज्या कामाची मुभा आहे त्याच्या बाहेरचं काम केलं, एका घराचं कमिशन घेतलं, तरी ते अनधिकृत काम ठरतं. इंटर्नच्या बाबतीत त्याची शिक्षा म्हणजे प्रोग्रॅम बंद आणि परतीचं तिकीट. पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या फॉर्मवर तो डाग सोबत येतो.

दुसरी पायरी: पत्रातलं काम नक्की कोणतं, ते शब्दाशब्दाने वाचा

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण हे कोणी सांगत नाही.

इंटर्न म्हणून जायचा रस्ता म्हणजे जे-१ व्हिसा. त्यात अट अशी की इंटर्नच्या कामात कारकुनी २० टक्क्यांहून जास्त नसावी. फोन उचलणं, फाईली लावणं, झेरॉक्स, डेटा भरणं यापुरता त्याला वापरायचा नाही. शिकवायला नेलंय तर शिकवा, हा हेतू. ठीक.

आता राज्याचा नियम बघा. लायसन्स नसलेल्या माणसाने ग्राहकाशी किंमत बोलायची नाही, वाटाघाटी करायच्या नाहीत, मोबदला घेऊन घर विकून द्यायचं नाही. ओपन हाऊसला उभा राहिला तर छापील कागद हातात द्यायचा आणि प्रश्न आला की "एजंटना विचारा" म्हणायचं. फ्लोरिडात लायसन्सशिवाय धंदा करणं हा साधा दंडाचा मामला नाही, तिसऱ्या दर्जाची फेलनी, म्हणजे गंभीर फौजदारी गुन्हा आहे. शिवाय लायसन्स नसलेल्याला ब्रोकरने कमिशनमधला वाटा देणंही चालत नाही.

दोन्ही नियम शेजारी ठेवा. बिनलायसन्सच्या माणसाला ब्रोकरच्या ऑफिसात निर्धास्तपणे करता येतं ते बहुतेक कारकुनी काम. आणि इंटर्नला कारकुनी काम पाचव्या हिश्श्याहून जास्त चालत नाही. म्हणजे छोट्या, फक्त घरं विकणाऱ्या ब्रोकरेजमध्ये इंटर्नला कायदेशीर काम उरतं किती? आमच्या मुलीच्या पत्रातली तिन्ही कामं, घरं दाखवणं, ओपन हाऊस आणि बोलणी, लायसन्सच्या हद्दीतली होती किंवा हद्दीला खेटून होती. मोबदला कमिशनवर, म्हणजे तोही लायसन्सवाल्याचाच.

मधला रस्ता आहे, पण तो विक्रीच्या काउंटरवरून जात नाही. रिअल इस्टेट कंपनीत पुष्कळ कामं अशी असतात की त्यांना लायसन्स लागत नाही आणि ती कारकुनीही नसतात. एखाद्या भागातल्या भाड्यांचा आणि रिकाम्या जागांचा अभ्यास. एखादी इमारत घ्यायची तर पुढची दहा वर्षं पैसा कसा येईल-जाईल याचं एक्सेल मॉडेल. भाडेकरारांतल्या अटी वाचून त्यांचा तक्ता करणं. इमारतींच्या व्यवस्थापनाचे हिशेब, मूल्यांकनाला मदत, मार्केटिंग. पत्रात ही कामं असतील तर पुढे वाचा. 'सेल्स' आणि 'कमिशन' हे दोन शब्द एकत्र दिसले तर तिथेच थांबा आणि कंपनीला ईमेल करून कामाचं स्वरूप बदलून मागा. चांगली कंपनी बदलून देते. टाळाटाळ झाली, तर तेही उत्तरच आहे.

तिसरी पायरी: जे-१ मध्ये आपण बसतो का

इंटर्न आणि ट्रेनी असे दोन वर्ग आहेत. इंटर्न म्हणजे अमेरिकेबाहेरच्या कॉलेजात शिकत असलेला, किंवा पदवी मिळून प्रोग्रॅम सुरू व्हायच्या दिवशी १२ महिने उलटले नाहीत असा. मुदत जास्तीत जास्त १२ महिने. ट्रेनीला पदवी आणि वर अमेरिकेबाहेरचा त्या क्षेत्रातला एक वर्षाचा अनुभव लागतो. पदवी नसेल तर पाच वर्षांचा अनुभव. मुदत १८ महिन्यांपर्यंत. दोघांनाही आठवड्याला किमान ३२ तासांचं प्रशिक्षण असलं पाहिजे.

ते १२ महिने कॅलेंडरवर मोजा. मुंबई विद्यापीठाचे निकाल कधी लागतात आणि मार्कशीट हातात कधी पडते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पदवीची तारीख कोणती धरली जाईल, हे स्पॉन्सरला सुरुवातीलाच विचारून घ्या.

'स्पॉन्सर' म्हणजे तुम्हाला कामावर घेणारी कंपनी नव्हे, हे अनेकांना ठाऊक नसतं. स्पॉन्सर ही अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली संस्था. ती कागद तपासते, कंपनी तपासते आणि डीएस-२०१९ हा फॉर्म देते. त्याशिवाय व्हिसाचा अर्जच होत नाही. कंपनी पूर्वी या प्रोग्रॅममध्ये नसेल, आणि तिच्याकडे २५ पेक्षा कमी माणसं असतील किंवा वर्षाची उलाढाल ३० लाख डॉलरच्या आत असेल, तर स्पॉन्सरला जागेवर जाऊन पाहणी करावी लागते. घरं विकणारी बहुतेक ब्रोकरेजं एवढीच असतात. त्यामुळे तिथे जास्तीचे आठवडे धरून चाला.

मान्यताप्राप्त स्पॉन्सरांची यादी परराष्ट्र खात्याच्या साईटवर असते. अंधेरी-बोरिवलीच्या कन्सल्टन्सीवाल्यांना फी मोजण्याआधी एकच प्रश्न विचारा: डीएस-२०१९ वर नाव कोणाचं येणार? नाव सांगितलं की यादीत शोधा. "ते नंतर कळेल" असं उत्तर आलं तर चहा संपवा आणि निघा.

चौथी पायरी: डीएस-७००२ हाच खरा करार

हा फॉर्म म्हणजे प्रशिक्षणाचा आराखडा. कोणत्या महिन्यात काय शिकवणार, कोण शिकवणार, किती तास, किती पैसे, सगळं त्यात लिहायचं. त्यावर तुमची, कंपनीतल्या वरिष्ठाची आणि स्पॉन्सरची अशा तिघांची सही असते. ऑफर लेटरमध्ये काहीही गोड लिहिलेलं असो, तुम्हाला बांधतो तो हा कागद.

भाच्याच्या फॉर्ममधलं एक पान मला अजून आठवतं. कंपनीने पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं, 'ऑफिसच्या दैनंदिन कामात मदत'. स्पॉन्सरने तो तसाच परत पाठवला. दुसऱ्या खर्ड्यात आलं: 'पहिले तीन महिने: शहरातल्या दोन भागांतल्या ऑफिसजागांच्या भाड्यांची माहिती जमवून दर पंधरवड्याला अहवाल, देखरेख अमुक व्यवस्थापक, मूल्यमापन अहवालाच्या अचूकतेवर.' दुसऱ्या वाक्यात काम आहे, शिक्षक आहे आणि परीक्षा आहे. तुमच्या फॉर्मची प्रत्येक ओळ अशी वाचली गेली पाहिजे. पैशाच्या रकान्यात ठरलेला आकडा हवा, 'कमिशनप्रमाणे' नको.

पाचवी पायरी: फी, विमा आणि बीकेसी

जे-१ साठी सेविसची (परदेशी विद्यार्थी-प्रशिक्षणार्थींची सरकारी नोंद) फी २२० डॉलर, व्हिसाची १८५ डॉलर. स्पॉन्सरची फी वेगळी आणि ती बहुधा सगळ्यात मोठी. आरोग्यविमा सक्तीचा: दर आजार किंवा अपघाताला किमान १ लाख डॉलर, उपचारांसाठी हलवावं लागलं तर ५० हजार, आणि वाईटात वाईट म्हणजे पार्थिव घरी आणायला २५ हजार डॉलर. हा शेवटचा आकडा आईसमोर वाचू नका.

मुलाखत बीकेसीत. वकिलात ब्रीच कँडीहून २०११ साली तिकडे गेली. गंमत म्हणजे महारेराचं, म्हणजे आपल्याकडे एजंटांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाचं, मुख्यालयही बीकेसीतच, त्यामुळे या लेखातल्या दोन्ही दरवाजांना एकाच रिक्षाने जाता येतं. बॅग आत नेता येत नाही, बरोबर आलेल्या बाबांकडे देऊन ठेवा. जून २०२५ पासून एफ, एम आणि जे व्हिसावाल्यांना सोशल मीडियाची खाती सार्वजनिक करायला सांगतात. तेव्हा 'फ्लोरिडात सेटल होणार' असं स्टेटस मित्रांसाठी टाकलं असेल तर ते त्या काचेमागचा अधिकारीही वाचणार.

आणि तो नेमकं तेच शोधत असतो. जे-१ वाल्याने परत येणार हे पटवून द्यायचं असतं; पटलं नाही तर २१४-बी कलमाखाली नकार. "तिथे लायसन्स काढणार, मग वर्क व्हिसा बघणार" हे वाक्य मुलाखतीत उच्चारणं म्हणजे स्वतःच्या हाताने नकार लिहिणं. खोटं बोलायला मी सांगत नाही. खरोखरचा बेत जर राहायचाच असेल, तर इंटर्नशिप हा चुकीचा दरवाजा आहे.

एक चांगली बातमी आहे. काही देशांच्या जे-१ वाल्यांना प्रोग्रॅम संपल्यावर दोन वर्षं मायदेशी काढावी लागतात, आणि भारत त्या देशांच्या यादीत, म्हणजे कौशल्यसूचीत, बरीच वर्षं होता. डिसेंबर २०२४ मध्ये भारताचं नाव वगळलं. तरी सरकारी पैशावर गेला असाल तर ती अट दुसऱ्या कारणाने लागू शकते. त्यामुळे व्हिसावरचा आणि डीएस-२०१९ वरचा शेरा वाचाच.

सहावी पायरी: तिथे पोचल्यावर लायसन्स काढायचं का

काढायला हरकत नसते. कोर्स करणं, परीक्षा देणं हे काही नोकरी करणं नव्हे. तरी स्पॉन्सरला आधी ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. इंटर्नशिपचे तास बुडता कामा नयेत.

तास राज्याप्रमाणे बदलतात. फ्लोरिडात ६३, न्यू यॉर्कमध्ये ७७, कॅलिफोर्नियात कॉलेजच्या दर्जाचे तीन कोर्स मिळून १३५, टेक्ससमध्ये १८०. न्यू यॉर्कची परीक्षा ७५ प्रश्नांची, दीड तास, ७० टक्क्यांना पास. तिकडे नवख्याला सेल्सपर्सनचं लायसन्स मिळतं आणि ते कोणत्या तरी ब्रोकरच्या छत्राखालीच चालतं. स्वतःची पाटी लावायची तर पुढे वेगळं ब्रोकरचं लायसन्स. फ्लोरिडात ब्रोकरशी नाव जोडलं नाही तर लायसन्स निष्क्रिय पडून राहतं, आणि पहिल्या नूतनीकरणाआधी आणखी ४५ तासांचा कोर्स करावा लागतो. म्हणजे एका वर्षासाठी जाणाऱ्याने लायसन्स काढलं, तर ते बहुतेक निष्क्रियच पडून राहणार. 'रिअल्टर' हा शब्द मात्र सांभाळून वापरा. तो एजंटांच्या एका राष्ट्रीय संघटनेच्या सभासदांचा ट्रेडमार्क आहे, लायसन्सवाल्या प्रत्येकाचं नाव नव्हे.

मग कोर्स करायचा कशाला? माझं मत विचाराल तर पुस्तकासाठी. एस्क्रो (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे ठेवणं), टायटल इन्शुरन्स (मालकीहक्काचा विमा), एजंटाची ग्राहकाशी असलेली निष्ठा हे सगळं त्यात पद्धतशीर शिकवतात. इंटर्नशिपमध्ये कोणी एवढं बसून शिकवणार नाही.

त्यातलं एक प्रकरण मुंबईकराने दोनदा वाचावं. तिकडे १९६८ पासून फेअर हाऊसिंग ॲक्ट आहे. वंश, रंग, धर्म, मूळ देश, लिंग, अपंगत्व आणि घरात मुलं असणं, यावरून घर नाकारता येत नाही, तसं सुचवताही येत नाही, अमुक वस्तीकडे वळवताही येत नाही. आता आपल्या धंद्यातला रोजचा फोन आठवा. "पार्टी कोण आहे? व्हेज आहे ना? बॅचलर नको, सोसायटी ऐकणार नाही." मीही असे फोन घेतलेत, आणि अभिमानाने सांगण्यासारखं त्यात काही नाही. भाच्याला पहिल्याच आठवड्यात एका कुटुंबाने विचारलं, आपले लोक कुठे राहतात इकडे? त्याने उत्साहाने नकाशा उघडला. वरिष्ठ बाईंनी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं की हे उत्तर आपण द्यायचं नसतं. शाळा, वाहतूक, किंमत यांची माहिती द्या, कुठे राहायचं ते त्यांचं त्यांना ठरवू दे. आपल्याकडे हाच प्रश्न म्हणजे ग्राहकसेवा. तिकडे तो कोर्टाचा रस्ता.

पैशाचं गणितही वेगळं. मुंबईत विक्रीवर एक ते दोन टक्के आणि भाड्याला एक महिना, हे सगळ्यांना पाठ. तिकडे वर्षानुवर्षं दोन्ही बाजूंचे एजंट मिळून पाच-सहा टक्के घेत आणि ते विकणाऱ्याच्या खिशातून जात. त्यावर खटले झाले, मार्च २०२४ मध्ये त्याच राष्ट्रीय संघटनेने ४१.८ कोटी डॉलरची तडजोड केली, आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून घर दाखवण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करणं त्यांच्या सभासदांना बंधनकारक झालं. आपल्याकडे चार घरं फिरवून झाल्यावर "ब्रोकरेज किती?" ही घासाघीस सुरू होते. त्यांनी ती पहिल्या घराच्या दाराबाहेर नेली. मला हे आवडलं.

पगाराची स्लिपही वाचा. जे-१ इंटर्नला साधारणपणे पहिली दोन कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी (पेन्शन) आणि मेडिकेअरचा (म्हातारपणीचा आरोग्यविमा) कर लागत नाही. दोन्ही मिळून ७.६५ टक्के होतात. छोट्या कंपनीचा हिशेबनीस सवयीने कापून टाकतो. इन्कम टॅक्स मात्र लागतो आणि एप्रिलमध्ये १०४०-एनआर फॉर्म भरावा लागतो.

सातवी पायरी: 'पुढे वर्क व्हिसाची संधी'

इथे मी स्पष्टच लिहितो. इस्टेट एजंट म्हणून एच-१बी, म्हणजे नेहमीचा वर्क व्हिसा, जवळजवळ मिळतच नाही.

कारण साधं आहे. एच-१बी त्या कामासाठी, ज्याला विशिष्ट विषयातली किमान पदवी लागते. एजंटाला शाळा पूर्ण केलेली असली की पुरे. फ्लोरिडाचा नियम तुम्ही वर वाचलाच. शिवाय एच-१बीला कंपनीची खरीखुरी नोकरी हवी आणि त्या भागातला ठरलेला पगार हवा. तिकडचा एजंट बहुधा स्वतंत्र कंत्राटदार असतो. घर विकलं तर पैसे, नाही तर काही नाही. ज्या नोकरीत पगारच नाही तिचा किमान पगार दाखवणार कसा?

पदवीशी नातं सांगणारी कामं वेगळी: गुंतवणुकीचा आर्थिक विश्लेषक, बांधकाम व्यवस्थापक, सिव्हिल इंजिनिअर, बाजाराचा अभ्यासक. तिथे अर्ज होऊ शकतो, पण नशीबही लागतं. वर्षाला ६५ हजार जागा, अमेरिकेतल्या मास्टर्सवाल्यांना आणखी २० हजार. मार्चमध्ये नोंदणी, तिची फी २१५ डॉलर, निवड झाली तर काम १ ऑक्टोबरपासून. सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने अमेरिकेबाहेर असलेल्यांच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचा भार टाकला. अमेरिकेत राहून कायदेशीरपणे व्हिसाचा वर्ग बदलणाऱ्यांना तो लागू नाही, असा खुलासा नंतर आला. पण जे-१ संपल्यावर हातात फक्त ३० दिवस असतात, तेही आवरून निघण्यासाठी. इंटर्नशिप जुलैत संपली तर ऑक्टोबरपर्यंत थांबायचं कशाच्या आधारावर? एफ-१ विद्यार्थ्याला ही मधली फट भरून काढणारी सोय आहे, जे-१ ला नाही. छोट्या ब्रोकरेजचा मालक कितीही भला असला तरी इथे त्याच्या हातात काही नसतं.

"पैसे घालून स्वतःचीच एजन्सी काढतो" म्हणणाऱ्यांसाठी: ई-२ हा गुंतवणूकदार व्हिसा भारतीयांना मिळत नाही, तसा करारच नाही. ईबी-५ ला, म्हणजे गुंतवणुकीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डाला, किमान ८ लाख डॉलर लागतात. पार्ल्यातला वन बीएचके विकूनही तो आकडा गाठत नाही.

मग खरे रस्ते कोणते? मला दोन दिसतात. एक, तिकडे जाऊन शिकणं. एफ-१ वर मास्टर्स केलं की ओपीटीचे, म्हणजे शिकल्यावर काम करायच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात. काम शिकलेल्या विषयाशी थेट जोडलेलं हवं आणि एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही. पण ओपीटीत स्वतंत्र धंदा चालतो, म्हणजे रिअल इस्टेट शिकलेला विद्यार्थी लायसन्स काढून त्या वर्षात खरोखर एजंटगिरी करू शकतो. या सगळ्या लेखात लायसन्स आणि कमाईची परवानगी एकत्र येतात अशी मला तरी हीच एक जागा दिसली. विषय स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) बसत असेल तर पुढे २४ महिने वाढतात, पण तेव्हा पगारी नोकरी हवी, नुसतं कमिशन चालत नाही.

दुसरा रस्ता मुंबईतूनच निघतो. जेएलएल, सीबीआरई, नाईट फ्रँक, कुशमन अँड वेकफील्ड यांसारख्या मोठ्या सल्लागार कंपन्यांची ऑफिसं मुंबईत आहेत. अशा ठिकाणी किमान एक वर्ष व्यवस्थापकाच्या किंवा कंपनीच्या खास ज्ञानाच्या जागेवर काम केलं, तर त्याच कंपनीच्या अमेरिकेतल्या ऑफिसात एल-१ वर बदली होऊ शकते. एच-१बीसारखी लॉटरी इथे नाही. वाट लांबची आहे, पण पायाखाली जमीन आहे.

दुबईबद्दल थोडंसं

चौघांतल्या दोघांनी शेवटी दुबईचंच विचारलं. तिथे दुबई लँड डिपार्टमेंटच्या रेरा या संस्थेकडून ब्रोकर कार्ड घ्यावं लागतं. त्याआधी प्रशिक्षण आणि परीक्षा, आणि नोंदलेल्या ब्रोकरेजशी नाव जोडलेलं असावं लागतं. आपल्यासारख्यांना अमेरिकेपेक्षा ते सोपं, कारण तिथे ब्रोकरेज कंपनीच राहण्याचा व्हिसा काढू शकते. पण "व्हिजिट व्हिसावर ये, तीन महिने काम दाखव, मग बघू" म्हणणारे पुष्कळ आहेत. तसं काम करणं बेकायदा आहे, आणि २०२४ च्या कायद्याने अशा मालकाला १ लाख ते १० लाख दिरहम दंड होऊ शकतो. तो दंड वाचवायला मालक पहिला कोणाला हाकलेल, ते लक्षात घ्या.

निघण्याआधी किंवा आल्यावर: महारेरा

मुंबईत रेरात नोंदलेल्या प्रकल्पांतल्या घरांची एजंटगिरी करायची तर २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम ९ खाली नोंदणी लागते. महाराष्ट्रात १० जानेवारी २०२३ च्या आदेशाने प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची झाली. २० तासांचा कोर्स, मग आयबीपीएसने घेतलेली परीक्षा, मग प्रमाणपत्र, आणि त्यावर नोंदणी. एकट्या माणसाला नोंदणीची फी १०,००० रुपये, कंपनी किंवा भागीदारीला १ लाख, मुदत पाच वर्षं. नोंदणीशिवाय धंदा केला तर दिवसाला १०,००० रुपयांपासून मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड आहे.

फ्लोरिडाचे ६३ तास ऐकून आपले २० कमी वाटतात. वाटू देत. पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली, तोवर आमच्या धंद्यात परीक्षा हा शब्दच नव्हता. अर्ज भरतानाच पासष्टीचे एजंट हातात पेन्सिल घेऊन 'कार्पेट एरिया'ची व्याख्या पाठ करताना मी पाहिलेत. त्यातला एक मीच, फक्त पासष्टीचा नाही.

परदेशी अर्जात हे प्रमाणपत्र उपयोगी पडतं असा माझा अनुभव आहे. ते हातात असलं की रिअल इस्टेट हेच आपलं क्षेत्र आहे आणि परत येऊन याच धंद्यात उतरणार, हे दाखवायला कागद मिळतो. काचेमागच्या अधिकाऱ्यासमोर शब्दांपेक्षा तो बरा.

आमच्या मुलीने कंपनीला ईमेल पाठवून काम बदलून मागितलं. आठ दिवसांनी उत्तर आलं: विक्रीसाठीच माणूस हवा होता, क्षमस्व. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग दुसऱ्या राज्यातल्या एका इमारत व्यवस्थापन कंपनीकडे अर्ज केला. काम भाडेकरारांचा तक्ता आणि दुरुस्तीखर्चाचा अभ्यास, पैसे तासावर. डीएस-७००२ चा पहिला खर्डा परवा आलाय. दुसऱ्या पानावर 'ऑफिसच्या इतर कामांत मदत' अशी एक ओळ आहे. तिला म्हटलं, ती खोडून परत पाठव.